पोच

कुडाळ,
९ जानेवारी २०२५

चि. वीणा हिला आशीर्वाद.

मायन्यापाशी थोडा थांबलो. पूर्वी तुला लिहायला बसलो की हात आपोआप ‘चि. सौ.’ लिहून पुढे जायचा. आता ‘सौ.’ लिहायचं नाही, आणि त्या जागी जे लिहायची आपल्यात रीत आहे ते मला लिहायचं नाही. म्हणून नुसतं ‘चि. वीणा’. मधली जागा मोकळी सोडली आहे असं समज.

इथे आम्ही दोघं ठीक. तुझ्या सासूबाईंचे गुडघे थंडीत कुरकुरतात, पण त्या स्वतः त्याहून जास्त कुरकुरतात, तेव्हा काळजीचं कारण नाही. काजूला मोहर बरा आहे.

फोन असताना बाबा पत्र का लिहितात, असं तू मागे विचारलं होतंस. सगळी नोकरी गावच्या पोस्टात झाली माझी. सुनेशी काही महत्त्वाचं बोलायचं तर मला कागद लागतो. फोनवर तू ‘हॅलो’ म्हणालीस की मी ‘बरी आहेस ना’ म्हणतो आणि तुझ्या सासूकडे फोन देऊन मोकळा होतो, हे तुलाही माहीत आहे.

एक बारीकशी चौकशी होती. महबूल्याच्या तुमच्या घरातलं इंटरनेट चालू आहे ना? वर्षअखेरीपासून काही बिघाड झाला आहे का? शुक्रवारी अंतरा व्हिडिओवर दिसते, ते ठीक दिसतं. तरी विचारतो. सहज. उत्तराची घाई नाही, पण लवकर लिहिलंस तर बरं होईल.

अंतराला अनेक आशीर्वाद.

तुळशीदास


महबूला, कुवेत,
२४ जानेवारी २०२५

ती. बाबांना नमस्कार.

तुमचं पत्र ऑफिसच्या पोस्टबॉक्सात आलं. रजिस्टर्ड पाकीट बघून आमच्या मॅनेजरला वाटलं कोर्टाचं काही आहे. हे उत्तर आपल्या गावचा सुदेश सुट्टीवर येतोय त्याच्या हाती देते, म्हणजे तुम्हाला लवकर मिळेल.

तुम्ही इंटरनेटचं अगदी अचूक ओळखलंत. बिघाड नव्हता, पण बदल झाला आहे, आणि तो मी केला आहे. सांगायला कुणी नव्हतं, म्हणून तुम्हाला सविस्तर सांगते.

वर्षश्राद्ध करून इथे परतल्यावर ठरवलं, की राहिलेले सगळे कागद आता उरकायचे. घराचा करार माझ्या नावावर झाला. अंतराचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, आमच्या ऑफिसच्या माणसाने कचेऱ्यांत फेऱ्या मारून माझ्या नावाखाली आणला. यांचं सिमकार्ड बंद केलं. राहिलं होतं ते हे इंटरनेट. कंपनीच्या बाई म्हणाल्या, वारलेल्या माणसाच्या नावावरची जोडणी नुसती बदलता येत नाही. ती बंद करायची, त्यांचा डबा परत द्यायचा आणि नवी घ्यायची. नवा डबा आम्ही भाड्याने देऊ, माणूस येऊन लावून जाईल, तुम्ही दिवसभर घरी थांबा. मी म्हटलं, थांबणार कोण? इथल्या राई भागात मोठी शोरूम आहेत, तिथून मोडेम आणि राउटर मीच विकत आणला.

हे होते तेव्हा त्या डब्याला मी कधी हात लावला नव्हता. दिवे लुकलुकायला लागले की मी ‘अहो’ करून हाक मारायची. ते यायचे, डबा बंद करायचे, जरा वेळ कमरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि पुन्हा चालू करायचे. मला वाटायचं यांना त्यातलं खूप काही कळतं. आता कळलं की तेवढंच येत होतं.

शुक्रवारी सकाळी सगळं टेबलावर मांडलं. भिंतीतल्या फोनच्या लाइनीतून तार मोडेममध्ये, मोडेममधून दुसरी तार राउटरमध्ये, आणि राउटरला लॅपटॉप. तुम्हाला आवडेल असं एक सांगते: राउटरशी बोलायचं तर आधी त्याचा पत्ता लिहावा लागतो, नुसत्या आकड्यांचा, आपल्या पिनकोडासारखा. तो लिहिला की त्याचं पान उघडतं आणि कंपनीने दिलेलं नाव तिथे भरायचं. माझा दिवा काही केल्या लालचा हिरवा होईना. मी कंपनीला मनातल्या मनात भरपूर ऐकवलं. शेवटी अंतराने दाखवलं, की मोडेमकडून येणारी तार मी शेजारच्या भोकात घातली होती. राउटरच्या मागे चार भोकं सारखी आणि एक वेगळ्या रंगाचं असतं. तार त्या वेगळ्यात घातली आणि दिवा हिरवा झाला. बाबा, मला रडू आलं. बँकेत मी एवढे हिशेब मिळवते, पण या हिरव्या दिव्याइतकं समाधान मला गेल्या वर्षभरात कशाने वाटलं नव्हतं.

मग त्याने नाव विचारलं. घरातल्या वायफायला एक नाव द्यावं लागतं, शेजाऱ्यांच्या यादीत आपलं ओळखू यावं म्हणून. आपलं आधी ‘पालव’ होतं, आडनावच, यांनी ठेवलेलं. मी जरा विचार केला आणि ‘वीणा-अंतरा’ ठेवलं. सगळ्या कागदांवरून त्यांचं नाव एकेक करून निघालंच होतं. हे शेवटचं मी स्वतः काढलं, दुसऱ्या कुणाला काढू दिलं नाही. माझा फोन, अंतराचा फोन आणि टॅब, लॅपटॉप, टीव्ही, सगळ्यांतून जुनं नाव पुसून टाकलं. नाहीतर ही यंत्रं जुन्या नावाला शोधत बसतात म्हणे.

तेव्हा काळजी नको. इंटरनेट छान चालू आहे. आईंच्या गुडघ्यांना सुदेशबरोबर मलम पाठवते आहे.

तुमची,
वीणा


कुडाळ,
६ फेब्रुवारी २०२५

चि. वीणा हिला आशीर्वाद.

पत्र आणि मलम पोचलं. मोडेम तू स्वतः जोडलास हे वाचून समाधान वाटलं. नाव बदललंस तेही योग्यच. घर जो चालवतो त्याचं नाव दारावर असावं. मलमाने गुडघ्यांना उतार आहे.

कळावे.

तुळशीदास

ता. क. वरचं पत्र काल लिहून पाकिटात घातलं होतं. डिंकही लावला. आज पाकीट फाडून पुढे लिहितो आहे. पोस्टात असताना असं कुणी केलं असतं तर मी हसलो असतो.

मी अरुणला रोज व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठवतो. तो होता तेव्हा पाठवायचो आणि गेल्यावरही थांबलो नाही. मला वेड लागलेलं नाही. त्याला अग्नी मी दिला आहे. तो नाही हे मला कुणी सांगायला नको.

पण मेसेज पाठवला की खाली दोन टिक यायच्या. एक टिक म्हणजे पत्र पेटीत पडलं. दोन म्हणजे ज्याचं त्याच्या घरी पोचलं. वाचलं की त्या निळ्या होतात. तशा त्या होत नव्हत्या, तेवढं मला समजतं. पण दोन यायच्या.

रजिस्टर पत्राबरोबर पूर्वी पोचपावती जोडायचे. ती सही होऊन परत आली की लोक माझ्या खिडकीशी उभे राहून तिच्याकडे बघत बसायचे. पोच म्हणजे उत्तर नव्हे. पण पोच आली की माणूस निवांतपणे घरी जायचा. आणि पत्र ज्याच्या नावाचं तोच वारलेला असला, तर पाकिटावर ‘मयत, परत’ असा शेरा मारून ते पाठवणाऱ्याकडे धाडायचं, अशी रीत. असे शेरे मी माझ्या हाताने मारले आहेत. तेव्हा ते फक्त काम होतं.

माझं एकही पत्र परत आलं नव्हतं. वर्षभर तिथे कुणीतरी ती घेत होतं. नव्या वर्षात मात्र एकच टिक येऊ लागली. मला वाटलं तुमच्याकडे बिघाड असेल, म्हणून ती चौकशी केली. आता कळलं की बिघाड नव्हता.

हे तुझ्या सासूला माहीत नाही. तिला सांगू नकोस. तुला दोष देत नाही. फक्त विचारतो, त्याचा फोन तू बंद केलास का?

तु.


महबूला,
२१ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांना नमस्कार.

तुमचं पत्र बँकेच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचलं, आणि मग बराच वेळ गाडी चालू करता आली नाही.

नाही, मी यांचा फोन बंद केलेला नाही. तो देवांच्या फळीवर, समईच्या शेजारी पालथा ठेवला आहे, आवाजही बंद. अंतरा त्याला रोज चार्जिंगला लावते. मी एकदा म्हटलं, अगं, कशाला? तर म्हणाली, “लेट इट बी, आई.” मी पुन्हा विचारलं नाही. तो कुलूपबंद आहे. त्याचा कोड आम्हाला माहीत नाही, आणि हे असताना मी कधी विचारला नाही, म्हणून आता हुडकत बसावंसंही वाटत नाही. सिमकार्ड तर मीच बंद केलं. राहिलं घरचं वायफाय. त्यावरच तो तुमचे मेसेज घेत होता, आणि हे मला माहीतच नव्हतं. सगळ्या यंत्रांतून मी जुनं नाव पुसलं, पण या कुलपामुळे त्याच्यातून पुसता आलं नसणार. म्हणजे घरात तो एकटाच अजून ‘पालव’ला शोधत बसला आहे.

आता रागाचं लिहिते. लिहू का नको असा विचार केला आणि मग ठरवलं की लिहायचंच.

बाबा, हे गेल्यापासून तुम्ही या घरात रोज येत होता. फळीवर येत होता, आणि आम्हाला न भेटता परत जात होता. अंतरा शाळेतून येते तेव्हा घरात कुणी नसतं. मी येते तेव्हा ती दार लावून अभ्यासाला बसलेली असते. आम्हा दोघींना दिवसातून एकदा कुणी काही विचारलं असतं, तर कुठे बिघडलं असतं? दर शुक्रवारी आई बोलतात, तुम्ही मागे उभे असता. मला वाटायचं तुम्हाला बोलायला काही उरलं नाही. मला काय माहीत की तुम्ही रोज बोलताय, फक्त आमच्याशी नाही.

लिहून झालं. आता कामाचं.

नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड अक्षर न अक्षर तसाच दिला, तर यांचा फोन आपोआप जोडला जाईल. त्याला दोघांतला फरक कळत नाही. नाव ‘पालव’ हे पक्कं माहीत आहे. पासवर्ड मात्र कुणालाच माहीत नाही. सगळी यंत्रं यांनीच जोडलेली होती, माझ्या फोनमधून मी ते पुसून बसले, आणि जुना डबा परत गेला. तुम्ही दोघं इथे तीन महिने राहून गेलात तेव्हा तुमच्या फोनमध्येही त्यांनी तो घातला होता. काही आठवतं का?

नाव पुन्हा ‘पालव’ करायला माझी काही हरकत नाही. पालव आम्ही दोघीही आहोतच.

वीणा


कुडाळ,
४ मार्च २०२५

चि. वीणा आणि चि. अंतरा यांना आशीर्वाद.

तुझं पत्र दोन दिवस खिशात घालून फिरलो. तुझ्या सासूने विचारलं, कुणाचं आहे? म्हटलं, सुनेचं, शिव्या घातल्यात. ती म्हणाली, बरं झालं.

तुझं खरं आहे. मला वाद घालायचा नाही. पण एक सांगतो. मुलाला काय विचारायचं ते मला येत होतं. सुनेला रोज काय विचारायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नाही. पोस्टाच्या खिडकीत लोक यायचे ते बोलायचे. खिडकीबाहेर जाऊन कुणाला काही विचारायची सवयच मला लागली नाही. अंतराचं तर आणखी अवघड. ती इंग्रजीत बोलते, मी मान हलवतो, तिला वाटतं कळलं.

आता पासवर्ड. तो माझा जुना फोन आता नाही, पाण्यात पडून गेला. पण त्या दिवशी अरुण काय म्हणाला ते आठवतं. तुमच्या हॉलमध्ये खिडकीशी बसलो होतो. त्याने फोन हातात घेतला आणि म्हणाला, “बाबा, आपल्या घराचा नाव घातलंय. हंय कोणाक कळाचा नाय.”

आपल्या घराला नावाची पाटी नाही. पण गावात सगळे आपल्याला ‘व्हाळावयले’ म्हणतात, ते तू लग्नात ऐकलं असशील. घराच्या खालून ओहोळ जातो तो व्हाळ, आणि त्याच्या वरच्या अंगाचे ते आपण. तेव्हा शब्द हाच असणार. इंग्रजीत मी लिहिलं तर डब्ल्यू-एच-ए-एल-ए-डब्ल्यू-ए-वाय-एल-ई असं लिहीन. आमच्या वेळी ‘व’ला डब्ल्यूच लावायचे. बघ लागतो का.

नाही लागला तर फार जिवाला लावून घेऊ नकोस.

तुझी तब्येत कशी आहे? पहिल्या पत्रात मी तुझ्या इंटरनेटची तब्येत विचारली, तुझी विचारायची राहिली.

तुळशीदास


महबूला,
२१ मार्च २०२५

ती. बाबांना नमस्कार.

माझी तब्येत बरी आहे. रात्री झोप नीट लागत नाही, बाकी ठीक. विचारलंत म्हणून सांगितलं.

तुमचं पत्र आलं ते रमजानात. सध्या ऑफिस लवकर सुटतं, म्हणून दुपारीच बसलो. तुमचा डब्ल्यूवाला शब्द घातला, काही झालं नाही. मी व्हीने लिहिला. मग ‘व्हा’ला दोन ए. मग शेवटचा ‘ले’ बदलून पाहिला. प्रत्येक वेळी लॅपटॉपवर नवा शब्द घालायचा, राउटर पुन्हा उठून बसेपर्यंत थांबायचं आणि फळीवर सुलटा करून, आवाज चालू करून ठेवलेल्या फोनकडे बघायचं. वर कोपऱ्यात वायफायची खूण येते का, एवढंच. येत नव्हती. बाबा, तुम्ही लिहिलंत जिवाला लावून घेऊ नकोस, पण मी घेतलं. तुमच्यासाठी सुरू केलं होतं, आणि मग कळलं की मलाच तो फोन जोडलेला हवा आहे. घरातलं एक माणूस बाहेर दारात उभं आहे आणि आपल्याला कडी सापडत नाही, असं वाटत होतं.

अंतरा पलंगावर बसून बघत होती. तिला तो शब्द म्हणता येत नव्हता, ‘व्हाल’ म्हणत होती. मी म्हटलं, ल नाही गं, ळ. कळीतला ळ. ती उठली आणि स्वयंपाकघरातून तिचा जुना डबा घेऊन आली, बालवाडीतला, ज्यात मी आता लवंगा ठेवते. त्याच्या झाकणावर यांनी पक्क्या शाईने तिचं घरातलं नाव लिहिलं होतं. म्हणाली, “आई, बाबा ळ डबल एल लिहायचे. माझं नाव बघ ना.”

तुम्हाला आठवत नसेल. तिला आपण कळी म्हणतो. शाळेत नाव घातलं तेव्हा मी डब्यावर एकाच एलने लिहिलं होतं, आणि तिथल्या मॅडम तिला ‘काली, काली’ म्हणून हाक मारायला लागल्या. हे इतके चिडले की घरी येऊन त्यांनी सगळ्या वस्तूंवर दोन एल करून टाकले. पुढे ळ आला की ते कायम दोन एल लिहायचे. मी त्यांना हसायची.

दोन एल घातले. राउटर उठला, दिवा हिरवा झाला. आम्ही दोघी फळीपाशी उभ्या राहिलो. कोपऱ्यात ती खूण आली, आणि मग फोन वाजायला लागला. वाजतच राहिला. गावच्या ग्रुपवरची फुलं आणि सुप्रभात आली, यांच्या मित्रांचे कसले कसले आले, आणि मधूनमधून ‘बाबा’. ज्यांची मुदत उलटली ते वाटेतच गेले म्हणे, पण पुष्कळ आले. कुलूपबंद फोनवर पहिली ओळ तेवढी दिसते. तुमच्या प्रत्येकात एकच शब्द होता.

‘जेवलंस?’

अंतराने मला विचारलं, याचा अर्थ काय. मी सांगितलं. तिने यांच्या जाण्यानंतर माझ्यासमोर कधी रडून दाखवलं नव्हतं. त्या दुपारी रडली. मीही रडले. मग आम्ही दोघींनी एका ताटात वरणभात जेवून घेतला.

तुमच्याकडे दोन टिक आल्या असतील. त्यांची पोच मीच देते: पोचलं.

आता एक वाईट लिहायचं आहे, आणि ते तुमच्यापासून लपवणार नाही. फोन हातात घेतला तेव्हा दिसलं, त्याची पाठ एका बाजूने वर आली आहे. इतके दिवस सतत चार्जिंगला राहून बॅटरी फुगली आहे. आमच्या इमारतीखाली नबीलचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, त्याला दाखवला. तो म्हणाला, हा असा घरात ठेवू नका, पेट घेईल. बॅटरी बदलायची तर फोन बंद करावा लागेल, आणि एकदा बंद झाला की सुरू करताना तो कोड मागेल. कोड दिल्याशिवाय तो काही घेणार नाही, ना वायफाय, ना मेसेज. म्हणजे एकदा बंद केला की कायमचा बंद.

सध्या तो समईपासून लांब, बाल्कनीतल्या फरशीवर मातीच्या परातीत ठेवला आहे. मी घरी असते तेव्हाच थोडा वेळ चार्ज करते. असं फार दिवस चालणार नाही. मला माझ्या मनाने तो बंद करायचा नाही. तुम्ही म्हणाल तसं करीन.

वीणा


कुडाळ,
३ एप्रिल २०२५

चि. वीणा आणि चि. अंतरा,

दोन टिक आल्या. मी अंगणात काजू वाळत घालत होतो. फोन खिशातून काढून पाहिला आणि तिथेच बसलो. तुझी सासू धावत आली, तिला वाटलं चक्कर आली. मग तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, माका म्हायत होता. रोज जेवण झाल्यावर मी परसात जाऊन उभा राहतो ते कशाला, हे तिने केव्हाच ओळखलं होतं. बोलली नाही. तिचंही मन तिथेच होतं.

बॅटरीचं वाचलं. तुमच्या घरात आग ठेवून मला पोच नको. बंद कर.

लिहायला सोपं आहे, म्हणून लिहून टाकलं. हे दोन शब्द लिहायला सकाळ गेली.

मी टपालातला माणूस. इतकी वर्षं लोकांच्या पत्रांना शेरा मारला, माझ्या पत्रांना कुणी मारू नये एवढंच मला हवं होतं. पण शेरा न मारता पत्र ठेवून घेणं हेही टपालात बसत नाही. ज्याचं पत्र त्याला पोचत नसेल तर ते परत गेलं पाहिजे, म्हणजे पाठवणाऱ्याला दुसरा पत्ता शोधता येतो. हे मी दुसऱ्यांना सांगत आलो.

असं कर. अठरा तारखेला शुक्रवार आहे, तुम्ही दोघी घरी असाल. तुमच्या जेवणाच्या वेळेला मी त्याला शेवटचं लिहीन. दोन टिक आल्या की मला कळेल. मग अंतराच्या हाताने फोन बंद करा. चार्ज तिने केला, बंदही तिनेच करावा. नंतर तो नबील म्हणतो तिथे नीट टाकून द्या. इकडे गावी आणू नका, विमानात तसला चालत नाही.

वायफायचं नाव मात्र ‘पालव’ राहू दे, आणि पासवर्ड तोच. दोन एलचा. आम्ही पुन्हा कधी आलो तर माझ्या नव्या फोनमध्ये तू घालून दे. आता तुला सगळं येतं.

पहिल्या पत्रात मी तुझ्या नावामागे जागा मोकळी सोडली होती. तिथे काय लिहावं याचा विचार अधूनमधून करायचो. काही लिहायचं नाही असं ठरवलं आहे. तू वीणा आहेस, पुरे झालं.

अंतराचा नंबर पाठव. तिला मराठी वाचता येतं ना?

तुळशीदास


महबूला,
१८ एप्रिल २०२५

प्रिय आजोबा,

मी अंतरा. हे पत्र मी स्वतः लिहिते आहे. आईने फक्त जोडाक्षरं दाखवली. चुका असतील तर सॉरी.

मला मराठी वाचता येतं, पण हळूहळू. तुमचं अक्षर कठीण आहे. आई म्हणते, पोस्टातल्या माणसाचं अक्षर असं कसं.

आज आम्ही बाल्कनीत बसलो होतो. बाबांचा फोन परातीत होता. बाहेर धुळीचं वादळ येऊन गेलं होतं, सगळं पिवळं दिसत होतं. आईने तुमच्या आवडीची सोलकढी केली होती. मग फोन वाजला. स्क्रीनवर ‘बाबा’ आलं आणि खाली पहिली ओळ. मला वाटलं आज तुम्ही काहीतरी मोठं लिहाल, पण तोच शब्द होता. आई म्हणाली, बरोबर आहे, दुसरं काय विचारणार.

मी बटण दाबून धरलं. फोनने विचारलं, बंद करू का? मी हो म्हटलं. स्क्रीन काळी झाली. आईने माझा हात धरला होता. मग साबीरकाका, आमच्या इमारतीचे हारिस, म्हणजे वॉचमन, त्यांच्याबरोबर जाऊन आम्ही तो नबीलच्या दुकानात दिला. तिथे असे फोन ठेवायला वेगळा पेटारा आहे.

आजोबा, मी तो फोन चार्ज करत होते कारण मला वाटायचं, बंद झाला तर बाबांना कुणी फोन केला तर कळणार नाही. मला माहीत होतं की हे वेडेपणाचं आहे. तुम्ही मेसेज करत होता हे कळल्यावर मला बरं वाटलं. आपण दोघं तेच करत होतो.

घरी आल्यावर आई म्हणाली, आता जेव. मी जेवले. मग माझ्या फोनवरून तुम्हाला मेसेज पाठवला. तुम्ही पाहिला असेलच, पण पत्रातही लिहिते. तुम्ही बाबांना विचारलं होतं ना, त्याचं उत्तर. आईने शिकवलं, आपल्या घरी कसं म्हणतात ते.

जेवलंय.

आधी एकच टिक आली. तुमच्याकडे रेंज नसते ना. मी फोन हातात धरून बसून राहिले. मग दोन टिक आल्या, आजोबा. म्हणजे तुम्ही आहात.

तुमची,
कळी